जर्मनीच्या इतिहासात 9 नोव्हेंबर पुन्हा पुन्हा का येतो?

जर्मनीच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासातील पाच मोठ्या घटना 9 नोव्हेंबर या एकाच तारखेच्या नावावर नोंदल्या गेल्या आहेत. 1848 मध्ये लोकशाहीवादी नेते रॉबर्ट ब्लुम यांना व्हिएन्नात गोळ्या घालून ठार करण्यात आले, 1918 मध्ये बर्लिनमध्ये राजेशाही संपून प्रजासत्ताक जाहीर झाले, 1923 मध्ये हिटलरचा सत्ता बळकावण्याचा पहिला प्रयत्न म्युनिकच्या रस्त्यावर फसला, 1938 मध्ये देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळण्यात आली आणि 1989 मध्ये बर्लिनची भिंत उघडली. जर्मनीत या तारखेला 'नियतीचा दिवस' म्हणण्याची पद्धत आहे, आणि यादी अशी एका दमात वाचली की त्या नावात फारशी अतिशयोक्ती वाटत नाही. मात्र नियतीच्या हवाली केले की विचार तिथेच थांबतो. बारकाईने पाहिले तर या पाचांपैकी मधल्या तीन घटना एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि त्यांच्या तारखा जुळण्यामागे माणसांचे हेतू, राग आणि समारंभ आहेत. पहिली आणि शेवटची घटना मात्र त्या साखळीच्या बाहेरची आहे, आणि शेवटची तर हातातल्या कागदावरची एक सूचना नजरेतून निसटली म्हणून 10 ऐवजी 9 तारखेला घडली.

आधी योगायोगाचा हिशेब उरकून टाकू, कारण तो वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. वर्षात दिवस 365 आणि इतिहासात नोंद घेण्याजोग्या घटना हजारो. संख्याशास्त्रात वाढदिवसांचे एक प्रसिद्ध गणित आहे: 23 माणसे एकत्र आली की त्यांतील कोणा तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होते, तिघांचा वाढदिवस जुळण्यासाठी 88 माणसे पुरतात, चौघांसाठी 187 आणि पाच जणांसाठी 313. माणसांच्या जागी घटना ठेवल्या तरी गणित बदलत नाही. एखाद्या देशाच्या इतिहासातील सव्वातीनशे महत्त्वाच्या घटना घेतल्या आणि त्या वर्षभर कशाही विखुरलेल्या आहेत असे मानले, तर कोणत्या ना कोणत्या तारखेवर त्यांतील पाच एकत्र येण्याची शक्यता न येण्याच्या शक्यतेपेक्षा जास्त भरते. आपली गफलत प्रश्न विचारण्यात होते. '9 नोव्हेंबरलाच पाच घटना कशा आल्या' असे आपण विचारतो. विचारायला हवे ते 'कुठल्याही एका तारखेवर पाच घटना येणे कितपत नवलाचे' असे, कारण त्याच घटना 12 मार्चला जमल्या असत्या तर आपण 12 मार्चबद्दल तितकेच चकित झालो असतो.

शिवाय अशा याद्या घटना घडून गेल्यावर, जे जुळते ते ठेवून आणि जे जुळत नाही ते गाळून तयार होतात. आल्बर्ट आइन्स्टाइन यांना 1921 चे राखून ठेवलेले भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्याचा निर्णय स्वीडनच्या विज्ञान अकादमीने 9 नोव्हेंबर 1922 रोजी घेतला. ही घटना जर्मनीशी निगडित आहे, मोठीही आहे, पण नियतीच्या दिवसाच्या यादीत ती कोणी घालत नाही, कारण राजकारणाच्या कथेत ती बसत नाही. शेजारच्या फ्रान्समध्ये नेपोलियनने सत्ता हाती घेतली तो दिवसही 9 नोव्हेंबरच होता, सन 1799. परंतु क्रांतीनंतर फ्रान्सने स्वतःची वेगळी कालगणना सुरू केलेली असल्यामुळे तो दिवस इतिहासात '18 ब्रुमेर' म्हणून रूढ झाला आणि 9 नोव्हेंबरच्या चर्चेतून जवळजवळ बाहेर पडला. तारीख लक्षात राहणे हे कोणते पंचांग भिंतीवर आहे यावरही अवलंबून असते.

रॉबर्ट ब्लुम यांची गोष्ट या यादीतील सर्वांत कमी परिचयाची आहे. 1848 मध्ये युरोपभर क्रांतीचे वारे वाहत होते आणि त्या वेळी डझनावारी राज्यांत विभागलेल्या जर्मन प्रदेशांसाठी एक संविधान तयार करण्याकरिता फ्रँकफर्टमधील पाउल्सकिर्श या चर्चमध्ये मे महिन्यापासून निर्वाचित राष्ट्रीय सभा भरत होती. ब्लुम हे त्या सभेतील डाव्या गटाचे प्रमुख नेते. गरिबीतून वर आलेले, लाइपझिगच्या नाट्यगृहात नोकरी केलेले आणि वक्तृत्वाच्या बळावर पुढे आलेले हे गृहस्थ ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नातील उठावाला पाठिंबा देण्यासाठी गेले आणि तिथेच लढाईत उतरले. ऑस्ट्रियाच्या सैन्याने शहर परत जिंकल्यावर त्यांना अटक झाली, लष्करी न्यायालयाने झटपट शिक्षा ठोठावली आणि 9 नोव्हेंबरला सकाळी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना 41 वर्षे पूर्ण होणार होती. राष्ट्रीय सभेचे सदस्य म्हणून त्यांना अटकेपासून संरक्षण होते, आणि ते असूनही ऑस्ट्रियाने त्यांना मारले, यातच त्या सभेच्या मागे सैन्य नसल्याची गोष्ट उघडी पडली. पुढच्या वर्षी ती सभाच मोडली. पण 1918 च्या क्रांतिकारकांनी ब्लुम यांची पुण्यतिथी पाहून दिवस निवडला असे मुळीच नाही. इथे तारीख जुळली ती निव्वळ जुळली.

साखळी सुरू होते ती 1918 पासून. पहिले महायुद्ध हरल्यात जमा होते, तरीही ऑक्टोबरच्या अखेरीस जर्मन नौदलाच्या वरिष्ठांनी ब्रिटिश आरमाराशी एक शेवटची लढाई करण्याचा बेत आखला. जगण्याची आशा दिसू लागली असताना अब्रूसाठी मरायला खलाशी तयार नव्हते. त्यांनी हुकूम मोडला, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कील बंदरात उघड बंड झाले आणि तिथून ते रेल्वेमार्गांनी शहराशहरांत पसरले. 7 तारखेला म्युनिकमध्ये बव्हेरियाचा राजा पळाला. राजधानी बर्लिनची पाळी सर्वांत शेवटी आली. तिथल्या कारखान्यांतील क्रांतिकारी कामगार प्रतिनिधींनी उठावासाठी 11 नोव्हेंबर ठरवला होता, परंतु त्यांच्या एका नेत्याला 8 तारखेला अटक झाली, बेत फुटण्याची भीती निर्माण झाली आणि सार्वत्रिक संपाची हाक दुसऱ्याच दिवसासाठी दिली गेली. तारीख अशी दोन दिवस आधी सरकली.

9 तारखेची दुपार ही घाईगर्दीने इतिहास कसा घडतो याचा नमुना आहे. जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा बेल्जियममधील स्पा येथील लष्करी मुख्यालयात होता आणि पद सोडायचे की नाही यावर घोळ घालत होता. शेवटी पंतप्रधान माक्स फॉन बाडेन यांनी वाट पाहणे सोडून कैसरने राज्यत्याग केल्याचे त्याच्या संमतीवाचूनच जाहीर करून टाकले आणि आपले पद सोशल डेमोक्रॅट पक्षाचे नेते फ्रिडरिश एबर्ट यांच्या हाती दिले. दोनच्या सुमारास एबर्ट यांचे सहकारी फिलिप शाइडेमान हे संसद भवनाच्या उपाहारगृहात जेवत बसले होते. बाहेर प्रचंड जमाव होता, आणि जहाल डाव्या गटाचे नेते कार्ल लीबक्नेख्ट आता समाजवादी प्रजासत्ताक जाहीर करणार अशी वार्ता आत पोहोचली. शाइडेमान यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवल्याप्रमाणे ते समोरचे सूप तसेच टाकून उठले, खिडकीशी गेले आणि जमावाला उद्देशून जर्मन प्रजासत्ताकाचा जयजयकार करून आले. एबर्ट यांना हे मुळीच रुचले नाही; राज्यपद्धती कोणती असावी हे संविधान सभेने ठरवायचे, तुम्हाला तो अधिकार कोणी दिला, असे ते शाइडेमान यांच्यावर कडाडले. त्यानंतर काही तासांच्या आतच लीबक्नेख्ट यांनी राजवाड्याशी 'स्वतंत्र समाजवादी प्रजासत्ताक' जाहीर केले. एकाच दुपारी एका शहरात दोन प्रजासत्ताके जाहीर झाली, आणि ज्याच्या राज्यत्यागामुळे हे सारे घडले त्या कैसरने राज्यत्यागाच्या कागदावर सही केली ती 28 नोव्हेंबरला, हॉलंडमध्ये आश्रय घेतल्यानंतर.

या दिवसानंतर दोनच दिवसांनी, 11 नोव्हेंबरला, युद्धविराम झाला, आणि हा दोन दिवसांचा क्रम पुढच्या सगळ्या दुर्दैवाच्या मुळाशी आहे. युद्ध रणांगणावर हरले होते, सेनापतींनीच सप्टेंबरच्या अखेरीस युद्धविराम मागण्याचा आग्रह धरला होता. तरीही आधी क्रांती आणि मग शरणागती असा क्रम लोकांच्या डोळ्यांसमोर राहिल्यामुळे 'सैन्य हरलेच नव्हते, घरातल्या समाजवाद्यांनी आणि ज्यूंनी त्याच्या पाठीत सुरा खुपसला' ही थाप खपवणे उजव्या पक्षांना सोपे गेले. प्रजासत्ताकाच्या नेत्यांना 'नोव्हेंबरचे गुन्हेगार' ही शिवी चिकटली. युद्धविरामावर सही करणारे माट्टिआस एर्त्सबेर्गर यांचा 1921 मध्ये खून झाला. 9 नोव्हेंबर या तारखेला असा अर्थ चिकटला: काहींच्या लेखी लोकशाहीचा जन्मदिवस, काहींच्या लेखी देशद्रोहाचा.

पाच वर्षांनंतर, 1923 मध्ये, देशाची अवस्था आणखी बिकट होती. नुकसानभरपाईची रक्कम थकल्याचे कारण देऊन फ्रान्स व बेल्जियमने रूरचा औद्योगिक प्रदेश जानेवारीत ताब्यात घेतला होता आणि महागाई इतकी भडकली होती की नोव्हेंबरमध्ये एका डॉलरची किंमत 4.2 लाख कोटी मार्कांपर्यंत गेली. बव्हेरियात उजव्या विचारांचा प्रशासक गुस्टाफ फॉन कार सर्वाधिकार घेऊन बसला होता आणि बर्लिनवर चाल करून जाण्याच्या गोष्टी तिथे खुलेआम चालत. हिटलरच्या पक्षाला वाटत होते की कार आपल्याला सोडून तरी पुढे जाईल किंवा कच तरी खाईल. हिटलरच्या गोटात उठावासाठी आधी 11 नोव्हेंबरचा विचार होता. परंतु 8 तारखेच्या संध्याकाळी म्युनिकच्या ब्युर्गरब्रॉयकेलर या मोठ्या बिअरगृहात कारचे भाषण ठरले, बव्हेरियाचे सारे सत्ताधारी तिथे एकाच छताखाली येणार होते, आणि ही संधी साधण्यासाठी बेत अलीकडे आणला गेला.

क्रांतीच्या पाचव्या स्मरणदिनाच्या आदल्या रात्री हे घडले, हे हिटलरच्या सोयीचेच होते. 'नोव्हेंबरच्या गुन्हेगारांचे' सरकार बरखास्त झाल्याची घोषणा करायला त्याला याहून योग्य मुहूर्त मिळाला नसता. त्याने छताकडे पिस्तूल झाडून सभा ताब्यात घेतली, कार व त्याच्या दोन सहकाऱ्यांकडून पाठिंब्याचा शब्द वदवून घेतला, आणि नंतर महायुद्धातील सेनापती लुडेनडॉर्फ याने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांना जाऊ दिले. बाहेर पडताच त्यांनी शब्द फिरवला. सकाळपर्यंत उठाव फसल्याचे स्पष्ट झाले, आणि दुसरे काही सुचेना म्हणून सुमारे 2,000 लोकांचा मोर्चा शहराच्या मध्याकडे निघाला. ओडिऑनस्प्लाट्स या चौकाजवळ, फेल्डहेर्नहाले या स्मारकापाशी, पोलिसांनी त्यांना अडवले. अर्धा-एक मिनिट गोळीबार झाला असेल. हिटलरच्या हातात हात घालून चालणारा साथीदार गोळी लागून कोसळला आणि त्याच्या ओढीने हिटलरचा खांदा निखळला. ती गोळी थोडी बाजूने गेली असती तर, हा विचार इतिहासकारांनाही चुकलेला नाही. त्या दिवशी चार पोलीस मरण पावले, आणि पक्षाने पुढे आपले 16 हुतात्मे मोजले. हिटलरला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि 1924 च्या डिसेंबरात तो सुटलाही.

हिटलर 1933 मध्ये सत्तेवर आल्यावर या फजितीचे रूपांतर राष्ट्रीय सोहळ्यात झाले, आणि माझ्या मते संपूर्ण विषयाची किल्ली या सोहळ्यात आहे. दरवर्षी 8 नोव्हेंबरच्या संध्याकाळी जुने साथीदार त्याच बिअरगृहात जमत, हिटलर भाषण करी, आणि 9 तारखेला 1923 च्या मार्गाने मिरवणूक निघे. 1935 मध्ये त्या 16 जणांच्या शवपेट्या म्युनिकच्या क्योनिग्सप्लाट्सवर खास बांधलेल्या दोन स्मारकांत हलवण्यात आल्या. एसएस या पक्षाच्या निमलष्करी दलातील नव्या भरतीचा शपथविधी त्याच रात्री फेल्डहेर्नहालेपाशी होई. परिणाम असा, की वर्षातील एका ठराविक रात्री पक्षाचे देशभरातील सारे प्रादेशिक नेते आणि निमलष्करी दलांचे प्रमुख म्युनिकमध्ये हमखास एकत्र असत. तारीख आता केवळ आठवण राहिली नव्हती. ती एक यंत्रणा झाली होती.

1938 मध्ये ही यंत्रणा कामी आली. ऑक्टोबरच्या अखेरीस जर्मनीने पोलंडचे नागरिकत्व असलेल्या सुमारे 17,000 ज्यूंना पकडून पोलंडच्या सीमेवर नेऊन सोडले, आणि पोलंडही त्यांना आत घेईना. त्यांत हानोफर शहरातील ग्रुन्श्पान कुटुंब होते. त्यांचा 17 वर्षांचा मुलगा हेर्शेल पॅरिसमध्ये होता; घरच्यांची हकीकत कळल्यावर त्याने 7 नोव्हेंबरला तिथल्या जर्मन वकिलातीत जाऊन एर्न्स्ट फॉम राट या कनिष्ठ अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. फॉम राट लगेच मेला नाही. 7 आणि 8 तारखेला काही भागांत ज्यूंवर हल्ले सुरू झाले होते, पण ते विखुरलेले होते. तो 9 तारखेला दुपारनंतर मेला, आणि बातमी म्युनिकला पोहोचली तेव्हा जुन्या नगरभवनात स्मरणदिनाचे भोजन चालले होते. हिटलर त्याचा प्रचारमंत्री गोबेल्सशी हलक्या आवाजात बोलला आणि भाषण न करता निघून गेला. दहाच्या सुमारास गोबेल्स बोलायला उभा राहिला: पक्षाने निदर्शने आखायची नाहीत, पण ती उत्स्फूर्तपणे झाली तर रोखायचीही नाहीत, असे काहीसे त्याने सांगितले. ऐकणाऱ्यांना इशारा पुरेसा होता. ते थेट दूरध्वनीकडे गेले आणि आपापल्या प्रांतांत हुकूम सुटले.

फॉम राट दोन दिवस आधी किंवा चार दिवस नंतर मेला असता तर काहीच झाले नसते असे नाही. ज्यूविरोधी धोरण तोवर पाच वर्षे राबवले जात होते आणि निमित्त कुठले तरी मिळाले असते. परंतु इतक्या जलद, एकाच रात्रीत, देशभर एकसारखे घडायला सगळे म्होरके एका दालनात बसलेले असणे उपयोगी पडले. रात्री 1 वाजून 20 मिनिटांनी सुरक्षा पोलिसांचा प्रमुख हायड्रिश याने पाठवलेला तारेचा मजकूर वाचला की 'उत्स्फूर्त' या शब्दाचा फोलपणा कळतो. शेजारच्या इमारतींना धोका नसेल तरच प्रार्थनास्थळे जाळावीत, दुकाने फोडावीत पण लुटू नयेत, जुनी दफ्तरे आधी ताब्यात घ्यावीत, आणि तुरुंगांत मावतील तितक्या ज्यू पुरुषांना, विशेषतः श्रीमंतांना, अटक करावी, असे त्यात कलमवार लिहिले होते. अग्निशमन दल अनेक ठिकाणी पाण्याचे पाइप घेऊन उभे होते ते फक्त शेजारची घरे वाचवण्यासाठी. 1,400 हून अधिक सिनेगॉग व प्रार्थनागृहे उद्ध्वस्त झाली, सुमारे 7,500 दुकाने फोडली गेली, सुमारे 30,000 पुरुषांना दाखाउ, बुखेनवाल्ड आणि झाक्सेनहाउझेन या छळछावण्यांत नेण्यात आले. सरकारी आकडा 91 मृतांचा होता. आत्महत्या आणि छावण्यांतील मृत्यू धरले तर तो कितीतरी वाढतो. त्यावर कडी म्हणजे नुकसानीबद्दल ज्यू समाजालाच 100 कोटी मार्कांचा दंड करण्यात आला आणि विम्याची रक्कम सरकारने घेतली.

समारंभ ठरलेला असला की शत्रूलाही तो ठाऊक असतो, हे पुढच्याच वर्षी दिसले. गेओर्ग एल्सर या सुताराने 1938 चा सोहळा पाहूनच ठरवले होते की हिटलरला गाठायचे तर इथेच. 1939 मध्ये तो ब्युर्गरब्रॉयकेलरमध्ये संध्याकाळी जेवायला जाई, बंद व्हायच्या वेळी आत लपून राही आणि रात्रभर व्यासपीठामागचा खांब आतून पोखरी. असे त्याने तीसहून अधिक रात्री केले. घड्याळाला जोडलेला बॉम्ब 8 नोव्हेंबरला रात्री 9 वाजून 20 मिनिटांनी ठरल्याप्रमाणे फुटला आणि आठ जण ठार झाले. पण धुक्यामुळे विमानाऐवजी रेल्वेने परतायचे म्हणून हिटलरने भाषण लवकर आटोपले होते आणि तो 13 मिनिटांपूर्वीच निघून गेला होता. एल्सर स्फोटाआधीच स्वित्झर्लंडच्या सीमेवर पकडला गेला आणि 1945 च्या एप्रिलमध्ये दाखाउ येथे त्याला ठार करण्यात आले. त्याचा प्रयत्न यशस्वी झाला असता तर आज 8 नोव्हेंबरवर लेख लिहिले गेले असते.

युद्धानंतर ही तारीख ज्यूंवरील अत्याचारांच्या स्मरणाची झाली आणि स्मरणालाच लक्ष्य करणारेही निघाले. 1969 मध्ये पश्चिम बर्लिनमधील ज्यू समाजकेंद्रात 9 नोव्हेंबरचा स्मरणविधी चालू असताना डाव्या अतिरेकी गटाने ठेवलेला बॉम्ब होता. तो फुटला नाही. दिवस अर्थातच मुद्दाम निवडला होता.

1989 कडे येताना मात्र ही सारी साखळी बाजूला ठेवावी लागते, कारण पूर्व जर्मनीच्या पुढाऱ्यांच्या मनात त्या दिवशी ना 1918 होते ना 1938. त्यांच्या समोरचा प्रश्न रोकडा होता: माणसे पळत होती. हंगेरीने सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रियाकडची सीमा पूर्व जर्मन नागरिकांना खुली केली होती, नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून चेकोस्लोव्हाकियामार्गे हजारो लोक पश्चिमेकडे जात होते आणि प्राग सरकार तक्रार करत होते. लाइपझिगमध्ये 9 ऑक्टोबरला सुमारे 70,000 लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबार झाला नाही, त्यानंतर भीतीही ओसरली होती. 9 नोव्हेंबरला सकाळी चार अधिकाऱ्यांना कायमचे देशांतर करणाऱ्यांसाठी नवा नियम लिहायला बसवले. त्यांनी विचार केला की जो कायमचा जातो त्याला परवानगी आणि जो चार दिवस जाऊन परत येतो त्याला बंदी, हे विचित्र होईल. म्हणून त्यांनी खासगी भेटींसाठीचा प्रवासही त्यात घातला. अर्ज करायचा, परवाना मिळवायचा आणि मग जायचे, अशी ती व्यवस्था होती. वृत्त 10 नोव्हेंबरला पहाटे प्रसिद्ध करायचे ठरले, म्हणजे कार्यालये उघडताच लोक रांगेत उभे राहतील आणि सीमेवरील पहारेकऱ्यांना तोवर सूचना पोहोचलेल्या असतील.

पक्षप्रमुख एगॉन क्रेंझ यांनी तो कागद संध्याकाळी प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की यांच्या हाती दिला. शाबोव्स्की या विषयावरील चर्चेच्या वेळी बैठकीत नव्हते आणि सहा वाजताच्या पत्रकार परिषदेपूर्वी त्यांनी कागद नीट वाचला नव्हता. परिषद दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपित होत होती. सातला काही मिनिटे असताना प्रवासाच्या नियमांबद्दल प्रश्न आला, त्यांनी कागद चाळत मजकूर वाचून दाखवला, आणि हे कधीपासून लागू, असे विचारल्यावर पाने उलटसुलट करत ते म्हणाले, 'माझ्या माहितीप्रमाणे ताबडतोब, विनाविलंब.' प्रसिद्धी 10 तारखेला करावी, हे त्याच कागदावर लिहिलेले होते.

पुढचे काम पश्चिमेच्या वृत्तसंस्थांनी आणि दूरचित्रवाणीने केले. पूर्व बर्लिनमध्ये पश्चिमेच्या वाहिन्या सर्रास पाहिल्या जात. सीमा खुली झाली असे तिथे सांगितले गेले, ते ऐकून लोक नाक्यांवर गेले, आणि लोक गेल्यामुळे बातमी खरी झाली. बोर्नहोल्मर श्ट्रास नाक्यावर हाराल्ड येगर हे अधिकारी वरिष्ठांना वारंवार दूरध्वनी करत होते आणि वरून स्पष्ट हुकूम येत नव्हता. आधी त्यांना सांगण्यात आले की जे फारच आरडाओरडा करतात त्यांना सोडा, पण त्यांच्या ओळखपत्रावरील छायाचित्रावर शिक्का मारा, म्हणजे त्यांना परत येता येणार नाही. वाफ जिरवण्याच्या या युक्तीने गर्दी आणखी चिडली. अखेर रात्री साडेअकराच्या सुमारास, चेंगराचेंगरी होईल या भीतीने, येगर यांनी स्वतःच्या जबाबदारीवर फाटक उघडले. तारीख बदलायला अर्धा तास उरला होता. भिंतीवर चढलेल्या माणसांची जी छायाचित्रे आपण 9 नोव्हेंबरची म्हणून पाहतो त्यांतील पुष्कळशी प्रत्यक्षात 10 तारखेची आहेत.

भिंत उघडल्यावर वर्षभरातच एकीकरण झाले आणि राष्ट्रीय दिन कोणता असा प्रश्न आला. 9 नोव्हेंबर हा उत्तर म्हणून सर्वांत आधी सुचणारा दिवस, आणि 1938 मुळे सर्वांत आधी बाद होणारा. सिनेगॉग जळाल्याच्या स्मृतीवर आतषबाजी करता येत नाही. मग 3 ऑक्टोबर कुठून आला? त्यामागे रोमांचक काही नाही, वेळापत्रक आहे. महासत्तांबरोबरचा करार 12 सप्टेंबर 1990 रोजी मॉस्कोत झाला, तो युरोपीय सुरक्षा परिषदेच्या परराष्ट्रमंत्र्यांसमोर न्यूयॉर्कमध्ये 1 व 2 ऑक्टोबरला मांडायचा होता, आणि त्याआधी एकीकरण करणे बरे दिसले नसते. दुसऱ्या बाजूने, पूर्व जर्मनीची स्थापना 7 ऑक्टोबर 1949 ची. जे राष्ट्र विसर्जित करायचे त्याचा 41 वा वर्धापनदिन साजरा व्हायला कोणाला नको होता. दोन्हींच्या मधला पहिला मोकळा दिवस म्हणजे 3 ऑक्टोबर, आणि पूर्व जर्मनीच्या संसदेने ऑगस्टमध्ये तोच मंजूर केला.

2004 मध्ये सुट्ट्या कमी झाल्या तर उत्पादन वाढेल या हिशेबाने जर्मन सरकारने हा दिन ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ढकलण्याचे सुचवले. राष्ट्राध्यक्षांपासून विरोधकांपर्यंत सर्वांनी विरोध केला आणि प्रस्ताव काही दिवसांतच मागे घेतला गेला. महिन्याचा पहिला रविवार 1 ते 7 यांपैकी कुठल्याही तारखेला येतो. प्रस्ताव टिकला असता तर तीनच वर्षांनी, 2007 मध्ये, जर्मनीने आपल्या एकीकरणाचा दिवस 7 ऑक्टोबरला, म्हणजे पूर्व जर्मनीच्या स्थापनादिनी साजरा केला असता.